गोठ्यातली रेकॉर्ड

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही — ती माझ्याविषयीचा पूज्यभाव मनात तसाच ठेवून गेली. गुरूंच्या समाधीपुढे तासन् तास बसलो, तेथेही ओठ उघडले नाहीत. नित्य संध्येत पापक्षालनाचे मंत्र म्हणतो. त्यांत या पापाचा उच्चार कधी केला नाही — जणू मी नाव घेतले नाही तर देवालाही ते कळणार नव्हते. आज तुमच्यापुढे, ज्यांना मी ओळखत नाही त्यांच्यापुढे, बोलायला बसलो आहे. का? ओळखीच्या माणसांत मी अजूनही शास्त्रीबुवा आहे, म्हणूनच असावे.

आरंभ एका रेकॉर्डपासून करावा लागेल.

आमचे घर नालवाडीला. मी वर्ध्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे, आणि सायंकाळी ओसरीवर लोक शास्त्र विचारायला येत. सुतक कधी फिटते, श्राद्धाची तिथी कोणती धरावी, अमुक चालते का, तमुक चालते का. आंजीपासून सायकलीने येणारे होते. मी पोथी उघडून सांगितले की प्रश्न संपत असे. या विश्वासाचे मला — खरे सांगतो — व्यसन जडले होते.

माझा धाकटा भाऊ वासुदेव, आमचा वासू, त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत असे. आई गेली तेव्हा तो पोर होता. मीच त्याला वाढवले, मौंजीत गायत्री मीच सांगितली. पण पाठांतर त्याच्या नशिबी नव्हते. दिवसा तो कापसाच्या जिनात काम करी आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. लाल कोट, खांद्यावर पितळी झालर, आणि मिरवणुकीच्या अग्रभागी शास्त्रीबुवांचा सख्खा भाऊ! माझे विद्यार्थी रस्त्याच्या कडेला उभे राहून हसत. मी मान खाली घालून दुसऱ्या गल्लीने जाई.

अशाच एका वरातीत सेवाग्रामला उतरलेल्या कोणा परदेशी पाहुण्याने त्याचे वादन ऐकले आणि मायदेशी परतल्यावर एक रेकॉर्ड पाठवून दिली. आणीबाणीच्या आसपासची ही गोष्ट. एकोणिसाव्या शतकातल्या एका युरोपीय रचनाकाराची ती रचना. प्रिय व्यक्तीच्या खिडकीखाली सायंकाळी वाजवावी, तशा जातीची. तंतुवाद्य नाही, तालवाद्य नाही. तेरा माणसे, तेरा वाद्ये, सगळी तोंडाने फुंकायची — बासऱ्या, आपल्या सनईसारखी काही, क्लॅरिनेट, आणि गोगलगायीसारखी वळलेली पितळी शिंगे. वादन जुने होते, जाणकारांत नावाजलेले, असे वासू सांगे. त्याने बँडमास्तरांकडून रेकॉर्ड प्लेअर मागून आणला आणि एके दिवशी, मी पूजेला बसलेला असताना, देवघराशेजारच्या खोलीत ती लावली.

आता जे सांगतो ते यापूर्वी स्वतःलाही स्पष्ट सांगितलेले नाही. मला वाटले होते, बँडचाच गोंगाट असेल. तो नव्हता. एक सूर हळूच उठला, दुसऱ्याने त्याला हात दिला, मग शिंगे आली — दूरवर कोणी दार उघडावे तशी. आणि प्रत्येक सुरापूर्वी, अगदी बारीक, माणसांनी श्वास आत घेतल्याचा आवाज. मी पुरुषसूक्त म्हणत होतो. लहानपणापासून झोपेतही न चुकलेले पुरुषसूक्त. मी अडखळलो. कोणत्या ऋचेवर होतो, तेच आठवेना.

हे मी कसे सहन करणार होतो?

सोवळ्यातच उठलो आणि दारात जाऊन म्हणालो, "वासू, बंद कर ते. तोंडाने फुंकलेली वाद्ये आहेत. उष्टे आहे ते. देवांशेजारी चालणार नाही."

वासू हसला. त्याच्या हसण्यात द्वेष कधीच नसे. "दादा, मंग शंख काय तू नाकानं वाजवतो का?"

आत स्वयंपाकघरात त्याची बायको कुमुद फसकन हसली, आणि पदर तोंडाशी धरल्याचे तिच्या बांगड्यांनी सांगितले.

"शंख समुद्रातून येतो. तो स्वभावतःच शुद्ध."

"अन् किसनदेवाची बासरी? बांबू तं समुद्रात होत नाई. अन् ह्या रेकॉर्डले कोन तोंड लावून राह्यलं, दादा? हिच्यावर तं सुई फिरते. काऊन तापतो उगाच?"

त्याचे तिन्ही मुद्दे बिनतोड होते. एका जिनातल्या कामगाराने मला माझ्याच घरात निरुत्तर केले होते, आणि आत एक बाई हसली होती.

तेव्हा मी श्लोक म्हटला.

तुम्हाला एव्हाना कळले असेल. तो श्लोक कोणत्याही स्मृतीत नाही, पुराणात नाही, निबंधग्रंथात नाही. तो मी त्या दारात उभ्या उभ्या रचला. अनुष्टुभ छंद माझ्या जिभेवर खेळत असे. त्याला किती वेळ लागणार? आशय असा होता — मुखवायूने काष्ठात वा धातूत उपजलेला नाद, शंख आणि वेणू वगळून, उच्छिष्ट होय. तो नाद ज्या घरात शिरेल, त्या घरच्या पितरांची तृप्ती नाश पावते. बघा, कशी एकेक फट बुजवली! शंख वगळला, बासरी वगळली. आणि रेकॉर्डला तोंड लागत नाही, म्हणून दोष वाद्याला न देता नादालाच दिला. श्लोक मी येथे लिहिणार नाही. लिहिला तर कोणीतरी पाठ करील.

वासूचे हसू मावळले. "कोन्या पोथीत हाये हे?"

मी एका जुन्या स्मृतीचे नाव घेतले.

"म्हंजे मायले त्रास होईन?" तो म्हणाला. "मले माहीत नव्हतं, दादा."

त्याने सुई उचलली, रेकॉर्ड दोन्ही तळहातांत कडांनी धरून पाकिटात घातली, आणि क्लॅरिनेटसह ती बँडमास्तरांच्या घरी नेऊन ठेवली. पुन्हा त्या घरात त्याने साधी शीळसुद्धा घातली नाही. आठवड्यातून एकदा सायकल काढून तो तिकडे जाई आणि उजळलेल्या चेहऱ्याने परत येई. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता — गायत्रीवर ठेवला होता तसाच, कारण दोन्ही एकाच मुखातून आली होती.

वर्षे गेली. जिनात रुई उडते. ती दिसत नाही, पण छातीत बसते. वासूला आधी खोकला लागला, मग धाप. क्लॅरिनेट सुटले. मग सायकल सुटली. शेवटच्या उन्हाळ्यात तो मागच्या खोलीत वाळ्याच्या ताटीआड उशांना टेकून बसलेला असे, आणि दोन शब्दांच्या मध्ये त्याला थांबावे लागे. या उन्हात त्याला जागेवरून हलवू नका, असे डॉक्टर बजावून गेले होते.

एके दिवशी तो कुमुदला म्हणाला, "ते तेरा जनाईचं एकदा आयकू वाटते."

तिने काय करावे? भर उन्हात वर्ध्याला चालत गेली, बँडमास्तरांकडून प्लेअर आणि रेकॉर्ड आणली, आणि घरात न आणता अंगणापलीकडच्या रिकाम्या गोठ्यात गव्हाणीवर मांडली. वायर ओढून घेतली. सुई ठेवायचीच राहिली होती, तेव्हा वासूने तिला हाक मारून थांबवले. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होते.

"आवाज तं... घरात येईनच ना. वाजवनं बाहेर झालं, तरी... नाद आत येते. मायले बाधते ते. नको."

"हळू लावते जी मी. तुमच्यापुरतं."

"माह्यापर्यंत आला... म्हंजे आलाच ना घरात."

नादालाच दोष देणारा तो माझा चरण! केवढ्या चातुर्याने मी तो बांधला होता. आता तो माझ्या भावाच्या खाटेभोवती उभा होता आणि त्यात कुठेही फट नव्हती.

मी उठून जायला हवे होते. अंतर किती, एक भिंत. 'वासू, तो श्लोक खोटा आहे, मीच रचला होता' — एवढेच वाक्य. त्यासाठी छंदही लागत नव्हता.

मी उठलो नाही.

त्या दुपारी कुमुद माझ्याकडे आली. आमच्यात भावजय भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नसे. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती माझ्याशी दाराआडूनच बोलली होती. त्या दिवशी ती सरळ ओसरीवर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, शास्त्रात याले काही तोड असंल ना? उपास, जप — जे असंल ते मी करीन. त्यायले एकदा आयकू द्या."

आणि मी — ऐका, मी काय म्हणालो — "शोधून सांगतो."

मी पोथ्या काढल्या. बासने सोडून बसलो. जो श्लोक कोणत्याही ग्रंथात नव्हता, त्याचा परिहार मी ग्रंथांत शोधत होतो! नाही, हेही खरे नव्हे. मी शोधत नव्हतो, दुसरा श्लोक रचत होतो: आतुराच्या, म्हणजे रोग्याच्या, समाधानार्थ असा नाद दोषावह नाही, अशा अर्थाचा. तो त्याच संध्याकाळी पूर्ण झाला. पहिल्यापेक्षाही देखणा.

मग सांगितला का नाही?

कारण इतक्या लवकर सापडणे बरे दिसले नसते. शास्त्रार्थाला वेळ लागतो. विचारले आणि लगेच मिळाले, असे झाले तर कुमुदला — ती हुशार होती — शंका आली असती. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, एकादशी मध्ये आहे, द्वादशीला पारणे झाल्यावर प्रसन्न मुद्रेने सांगावे, असे मी ठरवले. असे ठरवले! भिंतीपलीकडे तो एकेक श्वास ओढून आणीत होता, आणि माझ्या पांडित्याची शोभा राहावी म्हणून मी दिवस जाऊ देत होतो.

येता-जाता कुमुद दारातून बघे. मी पान उलटीत असे.

एकादशीच्या दुपारी तिने हाक मारली. मी पोहोचलो तेव्हा सारे संपले होते. माझी पोथी ओसरीवर उघडीच राहिली होती. दहनापूर्वीचे मंत्र मीच म्हटले. एकही स्वर चुकला नाही.

दिवस झाल्यावर कुमुद रोहण्याला भावाकडे राहायला गेली. प्लेअर तसाच गव्हाणीवर होता. एका दुपारी मी गोठ्याचे दार लावून घेतले आणि ती रेकॉर्ड लावली. का लावली, ते विचारू नका. पहिला सूर उठायच्या आधी तो श्वास आला — परक्या मुलखातल्या, बहुधा केव्हाच मरून गेलेल्या कोणा माणसाचा. तो आत घेतलेला श्वास त्याने सुरात सोडला. माझ्या घरातला मात्र कोंडूनच राहिला. रेकॉर्ड पुरी होईपर्यंत मी उभा होतो. त्यानंतर पाठ करताना दोन ऋचांच्या मधल्या विरामात तो मला ऐकू येतो, रोज. कधी भिंतीच्या त्या बाजूने, कधी अगदी कानाशी.

कुमुद अजून रोहण्यात आहे. हे तिला सांगायला हवे होते, तुम्हाला नव्हे, हे मला कळते. संधी मिळाली नाही असेही नाही. वासूच्या पहिल्या वर्षश्राद्धाला ती आली होती. निघताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, मनाले लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही जेवनखान सोडून पोथ्या पाहत होते, मी पाह्यलं ना. त्यायलेही सांगितलं होतं मी. म्हनले, दादा शोधून राह्यला ना, मंग सापडते बरोबर. लय शांत होते जी त्या दिवशी. तुमच्यामुळंच."

तिने पदर सावरला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. हात उचलून, स्वच्छ उच्चारात, तिला आशीर्वाद दिला.