फ्रँकफर्ट ते ॲमस्टरडॅम : मधल्या तासाची सोबत

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. दिवसभर गाड्यांचे ब्रेक टेस्ट करणारा माणूस मी... भुतंखेतं बघायला त्राण कुठून आणू? पण हा एक अनुभव डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

२००६ चा हिवाळा. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये, नोव्हायला राहायचो. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच इकडे येत होती, तीही एकटी. इंग्रजीचा गंध नाही, विमानाची धास्ती, त्यात घाबरली की तिची शुगर वर-खाली होते. मग सगळे करतात तेच केलं – इथल्या मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर ‘आईला सोबत हवी आहे’ असा मेल टाकला. फ्रँकफर्टपर्यंत शिकागोच्या एक काकू मिळाल्या. ॲमस्टरडॅमपासून पुढे माझा मित्र निखिल, तो कामाच्या दौऱ्यावरून परत येत होता. राहिला तो मधला तुकडा. ऑफिसात बसून मी नेटवर पुन्हा पुन्हा तेच बघायचो – साडेतीनशेच्या वर किलोमीटर, विमानाला जेमतेम तासभर.

“अगं, पुणे-बेळगाव एवढंच अंतर आहे,” मी फोनवर तिला म्हणालो.

“बेळगावात निदान मराठी बोलतात रे,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात प्लँटमध्ये नव्या मॉडेलचं लाँच होतं, सलग डबल शिफ्ट. आई निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो, अंगात नवाकोरा मरून रंगाचा स्वेटर चढवला आणि फोन घेऊन सोफ्यावर बसलो. फ्रँकफर्टहून काकूंचा फोन आला. “आईंना गेटपाशी सोडलं हो. पण हात गार पडलेत त्यांचे.”

फोन ठेवला... पुढचं मला काही आठवत नाही. मंजिरी, माझी बायको, सांगते की तिने हाका मारल्या, गदागदा हलवलं, चहासुद्धा स्वेटरवर सांडला, तरी मी ढिम्म. ती रडकुंडीला आली होती. शेवटी फोन वाजला तेव्हा मी जागा झालो. निखिल होता.

“आई भेटल्या यार! एकदम मजेत आहेत. पण म्हणतायत, तू बाथरूमला गेलायस, आपण थांबू या!”

आम्ही ते हसण्यावारी नेलं. संध्याकाळी डेट्रॉइटला आई बाहेर आली आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर, “स्वेटर बदललास होय? त्याच्यावर साइझचं स्टिकर तसंच होतं, मी काढलं बघ.”

घरी येऊन तो चहा सांडलेला स्वेटर पाहिला. स्टिकर नव्हतं. मंजिरीने काढलं नव्हतं, सोफ्याखालीही सापडलं नाही.

“विमानात दुसरा कुणी मुलगा असेल गं शेजारी,” मी म्हणालो.

“पोटचं पोर मला ओळखू येत नाही?”

डॉक्टर मित्र म्हणाला, अति दमला की माणूस असा झोपतो. मान्य. पण मग आईचं काय? इतकी वर्षं झाली, उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर आता शोधायचाही कंटाळा आलाय.

एकदा फक्त तिला विचारलं होतं, “मी काही बोललो का गं तुझ्याशी?”

“कुठलं! बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलास. इतका दमलेला, उठवावंसं वाटेना.”

“आणि तुला भीती नाही वाटली?”

“वाटत होती की. पण तू झोपला होतास... मग कुणीतरी जागं राहायला नको?”