मामाजींचं दिव्यांचं हेल्मेट

माझे सासरे, म्हणजे मामाजी, दारव्हा रोडवर स्कूटरसकट एका बसलेल्या म्हशीवर जाऊन आदळले. म्हैस उठून निघून गेली. मामाजी उठले नाहीत. डोक्याला मार लागला होता. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आले ते चालते-फिरते, पण शब्दांची पार खिचडी झालेली. सारी नोकरी तहसील कचेरीत गेलेली, त्यामुळे चहा हवा असला की म्हणायचे, "सातबारा आण." सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, "साहेब" म्हणू लागले.

"लग्नापासून पहिल्यांदा मान भेटून राह्यला," आत्याबाई म्हणाल्या. नंतर मागच्या दारी डोळे पुसताना मला दिसल्या.

माझ्या नवऱ्याने कुठेतरी वाचलं, की डोक्यावर मंद लाल प्रकाश सोडून जखमी मेंदूवर उपचार करून पाहतात. डॉक्टर म्हणाले, "पक्कं सिद्ध नाही अजून. औषधं आणि बोलायचा सराव सोडू नका, बाकी करून पाहा." मग आतून लाल दिवे असलेलं हेल्मेट घरी आलं. संध्याकाळी मामाजी ते घालून अंगणात बसायचे आणि मी वाटी, चप्पल, कांदा दाखवून नावं विचारायची. चप्पल म्हणजे "अर्जदार."

शेजारच्या काकाजींना पूर्ण टक्कल. त्यांना वाटलं, हे केस उगवायचं यंत्र.

"मले बी देता काय थोडा वेळ?"

मामाजींनी लगेच काढून दिलं. मग दोघांच्या पाळ्याच लागल्या.

एका संध्याकाळी काकाजी वावरातून थेट आमच्याकडे धावत आले. "वहिनी, पाहा! हाताले लागून राह्यले! उगवले!"

आत्याबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "बापा, हे तं पांढरे आले."

"पांढरे तं पांढरे! कलप लावीन."

मामाजींनी हात लांबवला, चिमटीत धरून ओढलं. सगळं पीक हातात आलं. त्यांनी ते निरखलं आणि स्वच्छ म्हणाले, "कापूस होय हा."

आत्याबाई पुढे सरकल्या. "अन् मी कोण?"

मामाजींनी बराच विचार केला. "बायको."

आत्याबाई हसता हसता रडायला लागल्या. काकाजी टकलावरून हात फिरवत म्हणाले, "माहे केस गेले, अन् तुम्ही काहून हसून राह्यले?"

पुढे हळूहळू बरेच शब्द परतले, काही अजून नाहीत. प्रकाशाने, सरावाने की नुसत्या दिवसांनी, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काकाजींना मात्र शंका नाही. "कापूस कोनाच्या डोक्यावर होता, हे सांगितलं काय त्या डॉक्टरले?" असं ते अजून विचारतात.