सुई आली की फाटक, ऑपरेशन आलं की म्हैस

आष्ट्याजवळच्या आमच्या घरी संध्याकाळी हॉस्पिटलची मालिका सगळे मिळून बघतात. सगळे म्हणजे मी, सासूबाई, सासरे आणि शेजारच्या काकू. काकूंच्या घरी टीव्ही आहे, पण त्यांना एकटीला भीती वाटते आणि भीतीशिवाय करमत नाही.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. ते फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनवर आले. त्यांच्या फौजेतल्या गोष्टींत बर्फ असतो, खेचरं असतात, डाळ न शिजल्याचं दुःख असतं. रक्त कुठेच नसतं. हे माझ्या लक्षात आलं ते मालिका सुरू झाल्यावर. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कात्री मागितली आणि आबा चहाच्या कपासकट सोफ्यावर आडवे झाले.

डोळे उघडल्यावर म्हणाले, "जरा डुलकी लागली."

"डुलकीत कुणी मिशीवर चहा वतून घेतं व्हय?" काकू म्हणाल्या.

सासूबाईंनी काकूंकडे असं बघितलं, की काकूंनी उरलेला चहा गुपचूप संपवला. सुभेदाराला चक्कर आली असं आमच्या घरात कोणी म्हणणार नाही, हे तिथेच ठरलं. मी फरशी पुसून घेतली आणि व्यवस्था करायला लागले.

चॅनेलवाले सूचना देत नाहीत असं नाही. सुरुवातीला खाली एक पट्टी पळते, की काही दृश्यं विचलित करू शकतात. पण ती रोजच पळते, त्या दिवशी नुसतं डोहाळजेवण असलं तरी. शिवाय कोणतं दृश्य, कधी, किती वेळ, यातलं काहीच ती सांगत नाही. असल्या सूचनेचा घरात काय उपयोग? मोबाइलवर पुढचा भाग एक दिवस आधी बघता येतो. मी दुपारी भाजी निवडताना तो बघून घ्यायचे, कुठे काय आहे ते कॅलेंडरच्या मागे लिहायचे आणि संध्याकाळी वेळेवर आबांना कामाला लावायचे.

कामं ठरलेली होती. सुई दिसणार असली तर, "आबा, फाटकाची कडी लागलीय का बघता?" तेवढ्यात सुई टोचून होते. टाके किंवा जखम असली तर, "टाकी भरली असेल, मोटर बंद करून येता?" आणि पूर्ण ऑपरेशन किंवा बाळंतपण असलं तर, "म्हशीला पाणी दाखवून येता?" आबा प्रत्येक वेळी "आलोच" म्हणून ताठ उठायचे. परत आले की विचारायचे, "काय झालं?" मी सांगायचे, "वाचला." त्यामुळे आबांच्या मते त्या हॉस्पिटलात लोक आजारी होऊन येतात, बरे होऊन जातात आणि डॉक्टर मधे काहीच करत नाहीत.

मग मालिकेत एस. टी. उलटली. आठवडाभर ऑपरेशनंच ऑपरेशनं. म्हैस बादली बघितली की तोंड फिरवायला लागली. काकू आमच्याकडूनच दूध नेतात. त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, ह्ये ॲक्सिडेंटचं परकरन मिटलं की सांगा. तवर मी दुसरीकडनं दूध घेती. लय पातळ झालंय."

काकूंना सगळं कळलेलं होतं. मी म्हशीचं नाव काढलं की त्या खुर्ची टीव्हीजवळ ओढायच्या. आबांनाही कळलेलं असणारच. बंद मोटर रोज बंद करायला जाणारा माणूस इतका भोळा नसतो.

हे असंच चाललं असतं, पण सासूबाईंच्या पोटात दुखायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, की पित्ताशयात खडे आहेत, आता थांबू नका. मी पिशवी भरायला घेतली. सासूबाई मात्र कॉटवरून हलेनात. त्यांना सुईची भीती नव्हती. एकटीनं आत जायची भीती होती. सगळी बाळंतपणं त्यांनी आबा सीमेवर असताना काढलेली.

"सलाईन लावताना ह्यांनी माझा हात धरायचा," त्या म्हणाल्या. "न्हाई तर खडं ऱ्हाऊ द्यात पोटात. कुणाला काय तरास हाय त्यांचा?"

आबा खिडकीतून उसाकडे बघत म्हणाले, "धरतो की. त्यात काय हाय."

त्यात काय आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. दुखणं पुन्हा उठायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं होतं, आणि ते या एका हातावर अडलेलं होतं.

मी सराव सुरू केला. मोबाइलवर जुने भाग काढले. पहिल्या दिवशी आबांना नुसती गोळी दाखवली. गोळी पचली. मग थर्मामीटर, मग रक्तदाब मोजायचा पट्टा. पट्ट्याला आबा म्हणाले, "ह्ये तर काहीच न्हाई." मग सुई दाखवली, तीही टोपण घातलेली. आबांनी खुर्चीचे हात धरले.

"आबा, टोपण आहे अजून," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. खाली काय हाय ते बी म्हाईत हाय."

टोपण काढायच्या आत त्यांना डुलकी लागली.

तरी आम्ही मिरजेला गेलो. दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते परेडला उभे राहावेत तसे कॉटपाशी उभे होते. सिस्टर ट्रे घेऊन आत आल्या. ट्रेमध्ये काय आहे ते दिसलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आबा, फाटकाची कडी लागलीय का बघता?"

आबा "आलोच" म्हणून वळले. दारापर्यंत गेलेसुद्धा.

"आवं," सासूबाई म्हणाल्या, "मिरजेत आपलं फाटक कुठलं?"

आबा थांबले. मी जीभ चावली आणि पिशवीतल्या टॉवेलाची पुन्हा घडी घालत बसले. आबांनी दाराची कडी एकदा लावून बघितली, काढली आणि परत आले. कॉटवर टेकले. सासूबाईंचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे गच्च मिटले.

"डोळं मिटू नगा, चक्कर ईल," सासूबाई म्हणाल्या. "वर पंख्याकडं बघा. मी सांगती तुमास्नी."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. "आता पट्टा बांधत्यात. पट्टा तुमाला चालतो. आता कापूस. कापसाला भ्यायचं काय कारण न्हाई. आता सुई हाय, वरच बघा. पंखा मळलाय का?"

"मळलाय," आबा म्हणाले. आवाज लांबून आल्यासारखा होता.

"किती पात्यांचा हाय?"

"तीन. न्हाई, फिरतोय, दिसंना."

सासूबाईंचं तोंड सुई टोचताना थोडं वाकडं झालं, पण आवाज तसाच राहिला. "टोचली. झालं. आता चिकटपट्टी लावत्यात. पट्टी लागली की बघा. हां, बघा आता."

आबांनी बघितलं. पांढरी पट्टी आणि नळी. "कवा टोचली?" ते म्हणाले.

सिस्टर ट्रे आवरत मला म्हणाल्या, "यातले पेशंट कोणते?" आणि आबांना पाणी प्यायला दिलं.

आत नेताना आबा स्ट्रेचरसोबत थिएटरच्या दारापर्यंत हात धरून चालले. दारावर थांबवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता फुडचं बघू नगा. सूनबाई काय झालं ते सांगंल."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर हसत बाहेर आले, सासूबाई शुद्धीवर येतायत म्हणाले, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता खिशातून काचेची बाटली काढून आबांच्या नाकापुढे धरली. आत खडे होते. त्यांनी बाटली हलवली. खडे वाजले.

आबांनी एकदा बाटलीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी काम शोधत होते, पण ते माझ्याआधीच बोलले.

"डॉक्टरसाहेब, लय उपकार झालं," ते म्हणाले. "मी जरा म्हशीला पाणी दाखवून येतो."

आणि ताठ पावलांनी जिन्याकडे गेले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी बाटली घेऊन टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीच्या तळाला ठेवली. "येतील," मी म्हटलं. "फार मोठं काम नाही."