हैबतीदादांचा धंद्याचा फोटो

पोलादपूरकडच्या डोंगरात लग्न जुळवावं ते हैबतीदादा सकपाळांनीच. बगलेत छत्री मारून ते अंगणात शिरले की उपवर पोरी माजघरात पळायच्या आणि त्यांच्या आया चहाचं आधण ठेवायच्या. भातशेती होती, पण दादांचा जीव सोयरिकीत. त्यांचं सगळं भांडवल म्हणजे त्यांचं तोंड. लांबट, सुरकुतलेलं, पुढचे दात पडलेलं, पण इतकं खरं, की त्यांनी "मुलगा चांगला हाय" म्हटलं की बाप पुढचा प्रश्न विचारत नसे. त्यांनी जुळवलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं. दुसऱ्या कशाचा नाही, पण याचा त्यांना फार अभिमान.

साल छप्पन्न-सत्तावन्न असेल. मी महाडच्या एका नाटक मंडळीत नायिकेचं काम करायचो. एका सकाळी मी तालमीला निघालो होतो, तेवढ्यात दादा दारात.

"रामा, पोरींचे बाप सगळे मुंबईला गेले रे. गिरणीत. गावची सगळी गडीमाणसं एकत्र राहतात ती खोली हाय ना तिथं, तिच्यातच आता सोयरिकी ठरतात. माझं तोंड हितं नि गिऱ्हाईक तिथं. धंदा कसा व्हायचा?"

"मग?"

"फोटो काढतो. खोलीत टांगतो. माझं तोंड बघितलं की माणसं आपसूक निरोप धाडतील."

मला कल्पना एकदम पटली. रंगभूमीवर प्रवेश कसा करावा हे मला कळत होतं, आणि हा दादांचा मुंबईतला पहिला प्रवेश होता. मी मंडळीच्या पेटीतून सुभेदाराचा जरीकाठी कोट आणि गुलाबी फेटा काढला आणि दादांना बाजारपेठेत दत्ताराम फोटोवाल्याकडे नेलं.

दत्ताराम मनापासून कलावंत. त्याने मागे लावायला तीन पडदे दाखवले: राजवाडा, तळ्यातली कमळं आणि हिमालय. दादांनी हिमालय नाकारला. "एवढ्या लांब कोण पोरगी देईल?" शेवटी राजवाडा ठरला. मग हातात काय धरायचं यावर वाद.

"वकील पुस्तक धरतात," दत्ताराम म्हणाला. "सावकार घड्याळ दाखवतात. तुम्ही गुलाब धरा."

"गुलाब धरायला मी काय पोरगा हाय? माझी छत्री दे." छत्रीची मूठ मोडलेली, तांब्याच्या तारेने बांधलेली. तीच मांडीवर आडवी ठेवून दादा खुर्चीत बसले. दत्ताराम काळ्या फडक्यात शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. दादांनी श्वास रोखला तो फडकं काढून घडी घातली तरी सोडला नव्हता.

फोटो हातात आला आणि मी थक्क झालो. दत्तारामने बारीक पेन्सिल घेऊन काचेच्या निगेटिव्हवरच्या सुरकुत्या एकेक करून बुजवल्या होत्या. मिश्या काळ्या केल्या होत्या. गालांना गोलाई आणली होती. मीसुद्धा नायिका होताना चेहऱ्यावर इतकं काम करत नसे.

"धंद्याचा फोटो आहे," दत्ताराम म्हणाला. "तेज नको?"

दादा खूश. मी म्हटलं, "खाली नाव तरी लिहू या."

"नाव कशाला? मला कोण वळखत नाय?"

फोटो मुंबईला गेला. आता आमच्या डोंगरातून मुंबईला फोटो जायचा तो एकाच कारणासाठी. लग्नाचा मुलगा दाखवायचा असेल तरच लोक तो खर्च करत. खोलीत फोटो हातोहात फिरला. मे महिन्यात गिरणीतून रजा घेऊन कापड्याचे सयाजी मोरे गावी आले ते थेट दादांच्या पडवीत. बरोबर फोटो.

"दादा, मुलगा पसंत हाय. आमच्या मैनेला हाच. मिरगाच्या आत बार उडवून टाकू."

दादांनी फोटो बघितला, सयाजीला बघितलं. "अरे, हा मी."

सयाजी पोट धरून हसला. "मस्करी नको. ह्याचं तोंड बघा नि तुमचं बघा!"

दादांनी आत हाक मारली. "राहीबाई, बाहेर ये गो. सांग ह्याला, हा कोण हाय?"

राहीबाईंनी पदराला हात पुसून फोटो उन्हात धरला. तीस-पस्तीस वर्षांचा संसार झालेली बाई. "पोरगा देखणा हाय," त्या म्हणाल्या. "कुणाचा गो बाई?"

सयाजीचं हसू गेलं. "दादा, मुलगा दुसऱ्याला दिलाय काय? तसं असेल तर खोलीत सगळ्यांना सांगेन, की हैबती फोटो एकाचा दाखवतो नि पोरगा दुसऱ्याला देतो. मग तुमच्या शब्दावर कोण पोरगी देईल ते बघतो."

फोटो तिथेच टाकून तो गेला. दादा पायरीवर बसून राहिले. नंतर मला म्हणाले, "रामा, खरं सांगितलं तर कोण ऐकत नाय. नि खरं मानलंच कोणी, तर म्हणतील, म्हाताऱ्याने स्वतःचंच लग्न लावायला घेतलं. आता हा पोरगा शोधायला पायजे."

असं आम्ही हैबतीदादांचा फोटो घेऊन हैबतीदादांना शोधायला निघालो.

पाचाडला खानावळीवाला म्हणाला, "हा तर पलटणीत गेला. दोन भाकऱ्या जास्त खायचा." एका वाडीत तुळजाबाई नावाची म्हातारी फोटोकडे बघून कडाडली, "ह्यानेच माझी शेळी नेली!" आणि दादांनाच म्हणाली, "सापडला की दोन थोबाडीत मारा माझ्याकडून." दादांनी नम्रपणे मारतो म्हणून सांगितलं. दुसरीकडे एका बाईला असाच जावई हवा होता. मुलगा सापडायच्या आधीच त्याला गिऱ्हाईक वाढत चाललं होतं.

शिवथरला मुरारी नावाचा एक बिनलग्नाचा पोरगा राब भाजत होता. पेरणीच्या आधी शेतात पालापाचोळा जाळतात ते काम. तोंड काजळीने माखलेलं. घरी आरशाचा एक तुकडा, त्यात एका वेळी एकच गाल दिसे. त्याने फोटो घेतला, बघितला, आणि शांतपणे म्हणाला, "हा मीच."

"तू कधी फोटो काढलास?"

"मुंबईला गेलो हुतो एकदा. काढला असंल कोणीतरी."

त्याची आई चंद्रभागा धावत आली. "माझाच मुरारी! पण कोट कुणाचा रे?"

"बाई, हा मी हाय," दादा कळवळून म्हणाले. "मी खोटी सोयरीक करत नाय. तुमचा मुलगा चांगला हाय, पण फोटो माझा हाय."

चंद्रभागाबाईंनी दादांना तांब्याभर पाणी दिलं. "लांबून आलाय. ऊन लागलंय तुम्हाला."

त्यांनी परस्पर सयाजीला होकार धाडला आणि चार दिवसांनी कापड्याला बैठक बसली. मुरारीला आंघोळ घालून मी त्याच्या अंगावर तोच कोट चढवला. पडदा वर जाण्याआधी करायचो तशी मी कोटाची बटणं दोनदा तपासली. दादा कोपऱ्यात, देवाला कौल लावल्यासारखे. मुरारी किंवा सयाजी, एक जण जरी आता बिचकला असता, तरी दादांचा शब्द कायमचा गेला असता.

सयाजीने मुरारीला निरखलं. "फोटोत उंच वाटला."

"फोटोत बसलेला हाय तो," मी म्हणालो.

"नाक जरा..."

तेवढ्यात दादांनी घाबरून आपली छत्री मुरारीच्या मांडीवर ठेवली. सयाजीने तारेची मूठ बघितली, फोटोतली बघितली. "छत्री तीच! मग पोरगा दुसरा कसा असंल?"

सगळे हसले. दादा मात्र ताडकन उठले. "सयाजी, छत्री माझी हाय. फोटो माझा हाय. पोरगा मुरारी, शिवथरचा. कष्टाळू हाय, बिडी वढत नाय, ह्याची हमी मी घेतो. फोटोवर पोरगी देऊ नको. माझ्या शब्दावर दे."

बैठक गार पडली. सयाजीचं तोंड लाल झालं. तेवढ्यात पोह्यांची ताटली घेऊन आलेल्या मैनेने बापाच्या हातातला फोटो घेतला. एकदा फोटो बघितला, एकदा मुरारी.

"आबा, फोटोतला मला नको," ती खाली मान घालून म्हणाली. "मिश्या काळ्या हायत, पण डोळे म्हाताऱ्याचे हायत. हा समोर बसलेला बरा हाय."

आणि दादांकडे बघून तोंडाला पदर लावून हसली.

सयाजीने तिच्या हातातला फोटो काढून दादांना परत दिला. मग त्याने दादांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. "तुमच्या शब्दावर," तो म्हणाला. सुपारी फुटली.

परत येताना मी दादांना म्हटलं, "वाचलात. शब्द राहिला."

ते ऐकतच नव्हते. खिंडीत थांबून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "रामा, बायकोने वळखला नाय. सगळ्या मुलखाने वळखला नाय. त्या पोरीनं बरोबर वळखला रे मला," ते म्हणाले, आणि तोंडात दात नसताना इतकं सुंदर हसले, की दत्तारामने तेव्हा तिथं काळ्या फडक्यासकट असायला हवं होतं.