शेठजी आले की डेटाबेस बंद

सांगते, पण आधी हातातला कप खाली ठेवा, हसताना सांडाल. एका भल्या माणसाला मी त्याच्याच दुकानातून बाहेर घालवलं. तेही कॉम्प्युटरची पदवी घेऊन!

नालवाडीत शेठजींचं बियाणं-खतांचं दुकान. मालाची सगळी नोंद डेटाबेसमध्ये आणायची, हे माझं पहिलंच काम. मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर जोडून क्लस्टर उभा केला, त्यात कंटेनर नावाच्या सॉफ्टवेअरच्या डब्यात डेटाबेस बसवला आणि ऐटीत म्हणाले, "शेठजी, यातला एक बंद पडला तरी दुकान अडणार नाही!"

"मंग आजचा दिवस चालवून दाखवा. चाललं तं आंजी अन् रोहणा गावातल्या माह्या दुकानांचं कामही तुमालेच."

झालं! मी लॅपटॉप उघडून कामाला लागले.

सकाळी छान चाललं होतं. मग शेठजी आत डोकावले. "काय ताई, चालू हाय ना?"

मी लॅपटॉप मिटून उभी राहिले. आमच्या घरी तशीच सवय आहे हो. मोठं माणूस आलं की हातातलं काम ठेवायचं, उठायचं. "हो शेठजी, एकदम..."

"बंद पडलं वो ताई!" काउंटर सांभाळणारे गजूभाऊ तिथूनच ओरडले.

शेठजी गिऱ्हाइकांकडे धावले. मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला, सकाळच्याच कमांड पुन्हा चालवल्या. तिन्ही कॉम्प्युटर ठणठणीत! "झालं चालू!" गजूभाऊ म्हणाले.

थोड्या वेळानं शेठजी चहा घेऊन आले. मी उठले. बंद! ते गेले. चालू! काय झालं विचारायला आले. बंद!

गजूभाऊ दारात येऊन कुजबुजले, "ताई, राग नका मानू, पन शेठजी आले का बंद पडून राह्यलं."

शिकलेली पोरगी यावर हसली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? कसली हसते! मीच शेठजींना हात जोडले, "तुम्ही जरा आत येऊ नका ना."

"काऊन? माह्याच दुकानात?" पण बिचारे गेले, रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर जाऊन बसले.

मग दुपारभर सगळं सुरळीत! तेवढ्यात फोन वाजला. शेठजींचा! मी दचकून लॅपटॉप मिटला आणि फोनसमोर ताठ उभी राहिले.

"बंद पडलं!"

फोनमधून आवाज आला, "ताई, आता अजून किती दूर जाऊ?"

माझा हात लॅपटॉपवरच होता. त्याच्याकडे बघितलं आणि डोक्यात उजेड पडला. क्लस्टरमधल्या डेटाबेसपर्यंत काउंटरला जायला कायमचा रस्ता मी केलाच नव्हता! सकाळी तपासण्यापुरती माझ्या लॅपटॉपमधून वाट काढली होती, आणि गजूभाऊंचा कॉम्प्युटर तिथूनच ये-जा करत होता. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा आणि वाट बंद! तीन कॉम्प्युटरांचा थाट, आणि सगळं दुकान माझ्या एका झाकणावर!

रस्ता केला. शेठजींना बोलावून खरं ते सांगितलं.

"म्हंजे मी आलो का तुमीच बंद करत होत्या?"

"हो."

"मले मान द्याले?"

मी मान खाली घातली.

"आंजी-रोहण्याचं काम देतो तुमाले. पन एक करा ताई, तिथं मी आलो तं मले वळखच देऊ नका!"