मुनीमची हिंगणीला बदली

"म्याडम, तुमचा सोफा गेला. आता मांजरंही चालले. टोपली गाडीवर बांधून राह्यलो."

फोनवर मोरेश्वरभाऊ होते. सेलूला त्यांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान आहे. मी वर्ध्यात इंटिरियरची कामं करते. त्यांच्या हॉलचा सोफा मीच निवडून दिला होता. वर छातीठोकपणे सांगितलंही होतं, की मांजरांच्या बापाच्यानंही हा फाटणार नाही. असं बोलायची मला खोडच आहे.

"कुठे चालले मांजरं?"

"हिंगणीले, वावरात. पुष्पा रडून राह्यली. तुमी येता का तिले समजवाले?"

हिंगणीला जंगलाच्या कडेला भाऊंचं शेत आहे. घ्या! सोफा फाडला मांजरांनी, मांजरं हाकलणार भाऊ, आणि बायको समजवायची मी. डोकं सटकलं, पण स्कूटर काढली.

आता मागचं सांगते. भाऊंच्या दुकानात उंदरांसाठी दोन मांजरं ठेवलेली. पिवळा बोका दिवसभर गल्ल्याशेजारी बसतो, म्हणून तो मुनीम. दुसरी त्याची बहीण, चंपी. संध्याकाळी शटर पडलं की दोघं भाऊंच्या मागोमाग घरी. पुष्पाकाकूंच्या, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, हातची दूध-पोळी खायची आणि हॉलमध्ये लोळायचं. अशी नोकरी मलाही चालेल.

नखं घासायला दुकानात बारदानाच बारदाना, म्हणजे रिकामी पोती. आणि भाऊंनी हॉलसाठी पहिला सोफा काय आणावा? ज्यूट फिनिश! दिसायला पोतं, विकताना स्टायलिश. मांजरांना वाटलं असणार, मालकानं घरीही ऑफिस काढून दिलं. महिन्याभरात सोफ्याच्या दशा लोंबायला लागल्या. मग भाऊंनी रेक्झिन आणलं. ते तर आणखीच वाईट. रेक्झिनमध्ये नख घुसलं की भोक पडतं, आणि ते बुजत नाही.

मग मला बोलावलं. भाऊ पहिल्याच भेटीत म्हणाले, "हा सोफा फाटला तं मांजरं हिंगणीले."

काकू म्हणाल्या, "मांजरं गेले तं मीबी जाईन."

"कुठी जाशील?"

"हिंगणीलेच. मांजरांसंग."

मी दोघांना समजावून सांगितलं. मांजर सोफ्यावर राग काढत नाही. नखाचं जुनं टरफल काढायचं असतं, अंग ताणायचं असतं, आपला वास सोडायचा असतो. मात्र नख अडकलं, की ओढायची मजा येते. म्हणून कापड असं हवं, की नख अडकायलाच नको. त्याला आम्ही टाइट वीव्ह म्हणतो, म्हणजे धागे घट्ट विणलेले, वर एकही फासा सुटा नाही. मी गुळगुळीत मायक्रोफायबर निवडलं, पायांना सागवान. रंगही मुनीमच्या केसांचाच घेतला, म्हणजे झडले तरी दिसू नयेत. एवढा विचार मी स्वतःच्या लग्नाच्या वेळी केला नव्हता.

आणि आता हा फोन.

पोचले तेव्हा मुनीम टोपलीत कोंबलेला होता आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोंबलत होता. चंपी फ्रीजवर चढून बसलेली. काकू दारात उभ्या.

"बाई, तिकडे वाघ फिरते. अन् हा माणूस माहे लेकरं तिथं नेऊन टाकते!"

"वाघ जंगलात राह्यते, आपल्या वावरात नाई," भाऊ म्हणाले.

"वाघाले सातबारा दाखवाल का तुमी?"

मी आत गेले, सोफा बघितला आणि कपाळावर हात मारला. सोफा दिसतच नव्हता! पाठीवर, हातांवर, बैठकीवर, सगळीकडे क्रोशानं विणलेली पांढरी कव्हरं. फुलं, मोर, मध्ये 'सुस्वागतम'. काकूंच्या रुखवतातली. लग्नात मांडलेली, जुना दिवाण गेल्यापासून ट्रंकेत जपलेली, आणि नव्या सोफ्यासाठी बाहेर काढलेली.

"काकू, हे काऊन टाकलं?"

"मांजरांपासून सोफा वाचावा म्हणून!"

मी सोफ्याच्या डाव्या हातावरचं कव्हर उचललं. खाली कापडावर ओरखडे. कव्हर नसलेला सोफ्याचा खालचा सगळा भाग मात्र कोरा करकरीत.

"भाऊ, मुनीमला सोडा."

"आता तं पकडला, बाप्पा!"

"सोडा म्हणते ना."

उजव्या हातावरचं कव्हर मी काढून ठेवलं, डाव्यावरचं राहू दिलं. मुनीम टोपलीतून निघाला, आम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत उजव्या बाजूला आला आणि पंजा मारला. नख घसरलं. पुन्हा मारला, पुन्हा घसरलं. मग तो सरळ डावीकडे गेला, क्रोशाच्या मोरात दोन्ही पंजे रोवले आणि अख्खा बोका लोंबकळला. जाळीत नख पक्कं बसलं, की सगळ्या वजनानिशी ते खालच्या कापडात घुसणार. तिथे मायक्रोफायबर काय करणार, डोंबल!

काकूंनी मुनीमला अलगद सोडवलं, मोर हातात घेतला.

"माह्या मायनं विणलं होतं हे," त्या म्हणाल्या. "आता माय नाई राह्यली."

मला एकदम वाईट वाटलं. तोंडाशी आलेला टोमणा गिळला. काकूंनी एकेक कव्हर काढलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. डोळे पुसले. मग भाऊंना म्हणाल्या, "टोपली ठेवा आता आत."

भाऊंनी टोपली ठेवली. दुकानातून जाड बल्ली, म्हणजे लाकडी वासा, आणवली, तिला बारदाना गुंडाळून खिळे ठोकले आणि हलू नये अशी सोफ्याशेजारी उभी केली. मांजराला पूर्ण अंग ताणता येईल एवढी उंच. मुनीमनं वास घेतला आणि ड्युटीवर रुजू झाला. सोफ्याच्या फाटलेल्या हाताचं कापड मी बदलून दिलं.

भाऊ उघड्या सोफ्यावर बसले. पाठ टेकवली. डोळे मिटले.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "जुन्या दिवाणावरबी हेच जाळ्या होत्या. लग्नापासून माह्या पाठीले टोचून राह्यल्या."

काकू गरकन वळल्या. "मंग पह्यलेच सांगाचं नं!"

"सांगतलं असतं, तं मले हिंगणीले सोडलं असतं."

तेव्हापासून कापडाचे नमुने दाखवण्याआधी मी घरातल्या बाईला एक गोष्ट विचारते. मांजरं किती, ते नंतर. आधी रुखवतात काय काय आलं होतं, ते.