पोळ्याचा मान आणि तीन पंगती

किती भार पडला की सॉफ्टवेअर कोसळतं, हे शोधणं उल्काचं रोजचं काम. यंदा आखाडात, परदेशात, बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटमध्ये तिनं तोच प्रयोग दोन चुलतभावांवर केला.

पाटीलकी कायद्यानं कधीच गेली होती, पण पोळ्याला गावातला पहिला बैल तोरणाखालून न्यायचा मान पाटलाच्या घराकडे राहिला होता. उल्काचे वडील दीनानाथ पाटील वारले आणि त्या मानावरून जुंपली. सुबोध म्हणे, माझे वडील मोठे. उन्मेष म्हणे, वयानं मी मोठा. दोघंही उल्काच्याच परदेशी शहरात, एक राहतो हौगांगला, एक जुरोंग ईस्टला. भांडण मात्र गावच्या बैलावरून! निवाडा शैलाआत्याकडे, कारण तिचा शब्द गाव मानतं. लेकीला मान हवाय का, हे कुणी विचारलंच नाही. तिला तो हवा होता. लहानपणापासून बैलांची शिंगं रंगवायची तीच.

"आत्या, घरची रीत लावून बघू," ती फोनवर म्हणाली. "शेवटची पंगत उठेपर्यंत पाटलानं घास घ्यायचा नाही. रविवारी दोघांना बोलावते."

"लाव बाई. मला ही कावकाव ऐकवत नाही."

उल्कानं ऑफिसातली, ब्लॉकमधली मंडळी जेवायला बोलावली. फ्लॅट लहान, म्हणून पंगती तीन. मटणाच्या रश्श्याचं पातेलं ती दर वेळी भावांच्या नाकाखालूनच नेई. दुसऱ्या पंगतीत कुणीतरी पुन्हा भात मागितला, तशी सुबोधला कोथिंबीर आणायची आठवण झाली. लगोलग उन्मेषला ऑफिसचा फोन आला. घरात रेंज नव्हती म्हणे.

उल्कानं कॉरिडॉरच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. खालच्या कॉफी शॉपमध्ये, एकाच टेबलावर, दोघं करीच्या वाटीत प्राता, म्हणजे तिथला पराठा, बुडवत होते. आत्याला व्हिडिओ कॉल लावतच ती खाली उतरली.

"ताई, हा आधी आला!" उन्मेष ओरडला.

"आणि दुसरा प्राता कुणी मागवला रे?" सुबोध.

"गिळा आता मुकाट्यानं!" फोनमधून आत्या गरजली. "उल्के, तू जेवलीस?"

"कशी जेवणार? तिसरी पंगत बसायचीय अजून."

आत्या खो खो हसली. "बिलंदर कार्टी! बापाचीच लेक. मग पोळ्याला बैल धरायला येतेस ना?"

"सुट्टी मिळाली तर," उल्का गरीब चेहऱ्यानं म्हणाली.

सुट्टी कधीच मंजूर झाली होती. तिकीट तर तिनं जेवणाची आमंत्रणं करण्याआधीच काढलं होतं.